सोयरिकीच्या गाडीतलं बोलकं जीपीएस

तेलंगणाच्या सीमेवरच्या बेल्याच्या बसस्टँडसमोर भाड्याच्या गाड्या उभ्या राहतात, त्यांत अमृतरावांची गाडी सगळ्यांत जुनी. मागचा एक दरवाजा बाहेरूनच उघडतो, एसी फक्त पुढच्या डाव्या माणसाला लागतो, आणि सीटच्या कव्हरचा मूळ रंग कोणता यावर अमृतरावांच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. तरी एकदा तुळशीचं लग्न लागलं, की आसपासच्या खेड्यांतले लोक नव्या कोऱ्या गाड्या ओलांडून अमृतरावांपाशी येतात. कारण या गाडीला पायगुण आहे.

चाकांच्या वस्तूला पायगुण कसा, हे विचारण्यात अर्थ नाही. लोकांनी ठरवून टाकलंय. या गाडीतून मुलगी पाहायला जावं आणि सोयरीक जुळवूनच परतावं, असं बऱ्याचदा घडलं, आणि मग ते आपोआपच घडत गेलं. जुळलेल्यांपैकी काहींचं पुढं पटलं नाही, पण तो बोल गाडीला नाही. गाडीची जबाबदारी जुळेपर्यंत.

अमृतरावांचं घर या पायगुणावर चालायचं, आणि त्यांना धाकधूकही त्याचीच असायची. पायगुण टायरसारखा हळूहळू झिजत नाही, पंक्चरसारखा एकदम बसतो. एक सोयरीक मोडली आणि गावात बोभाटा झाला, की संपलं. मग त्या गाडीत आणि भंगारात फरक तो काय?

तर या गाडीत एक जुनं जीपीएस होतं. काचेला चिकटवलेलं, तळहाताएवढं, आणि मुकं. कधीकाळी बोलायचं म्हणे, पण एका उन्हाळ्यात त्याचा आवाज बसला तो बसलाच. त्यातला नकाशा जिल्ह्याचे तुकडे होण्याआधीचा. नव्या रस्त्यानं जाताना ते अमृतरावांना खुशाल शेतातून चालल्याचं दाखवायचं. अमृतराव त्याच्याकडे बघतच नसत. रस्ते त्यांना पाठ होते. पण शहरात शिकलेली पोरं गाडीत बसली, की "काका, मॅप आहे का?" विचारत. अमृतराव बोट दाखवत, पोरं गप्प बसत. जीपीएसचा याहून जास्त उपयोग असतो असं अमृतरावांना कधी वाटलं नव्हतं.

वाटलं ते पंकजला. पंकज म्हणजे रुख्मिणीबाईंचा धाकटा भाऊ, अमृतरावांचा साळा. यंदा त्यानं आदिलाबादला गाड्यांच्या सजावटीचं दुकान टाकलं. साळ्यानं दुकान टाकलं, की पहिलं गिऱ्हाईक कोण हे पंचांगात पाहावं लागत नाही.

"भाऊजी, हे डबडं काढा आता," पंकज म्हणाला. "नवीन मॉडेल पाहा. मोठी स्क्रीन, मागं कॅमेरा, अन् मराठीत बोलते."

"मले कायले पायजे बोलणारं? मी बोललेलंच घरात कोणी ऐकत नाई."

"ताजा नकाशा असते त्याच्यात."

"अरे, रस्ता जुनाच हाय तर नकाशा ताजा घेऊन काय करू?"

आतून रुख्मिणीबाईंनी तवा जरा जोरात आपटला. अमृतरावांना तव्याची भाषा कळायची. दुसऱ्या दिवशी जुनं डबडं पंकजच्या खोक्यात गेलं आणि गाडीच्या छातीवर टीव्हीएवढी काच बसली. पंकजनं कॅमेऱ्याविषयी बरंच सांगितलं. अमृतरावांनी रागानं ऐकलंच नाही.

या नव्या मशीनचं पहिलं भाडं म्हणजे सोजरबाईंचा नातू भूषण.

भूषणचं लग्न हा गावाचाच विषय झाला होता. पोरगा चांगला, किराण्याचं दुकान नीट चालवायचा, पण मुलीकडच्यांसमोर बसला की पोह्यांच्या ताटलीत बघायचा आणि प्रश्न कोणताही असो, "हो" म्हणायचा. इतरांच्या गाड्यांतून जाऊन जाऊन थकले, तेव्हा सोजरबाईंनी आपल्या मुलाला, बाबारावांना, बजावलं, "आता अमृतचीच गाडी पायजे. मंग पाहू कसं जुळत नाई ते." हे वाक्य चावडीपर्यंत गेलं होतं. म्हणजे आता परीक्षा भूषणची नव्हती, गाडीची होती.

मुलगी मुधोळजवळच्या एका आतल्या गावची, नाव चंचल. सकाळीच सगळे निघाले. सोजरबाई आणि बाबाराव मागं, भूषण पुढं, मागच्या काचेला टेकवून फळांची टोपली आणि साडीचं खोकं. अमृतरावांनी मनात मारोतीचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. काच उजळली, आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. कुठे जायचे आहे?"



शुभ कामाला निघालेल्या माणसाला "कुठं" म्हणून टोकायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फारच जीव कासावीस झाला तर "लांब का?" म्हणावं. या बाईनं तर उंबऱ्यातच गाठलं होतं.

"कोणं टोकलं?" सोजरबाईंनी विचारलं.

"मशीन हाय, मावशी. नवीन बसवलं."

"मशीन असो का माणूस असो. कुठं म्हणलं का नाई?"

"म्हणलं."

"मंग उतरा सगळे."

सगळे उतरले, घरात गेले, घडीभर टेकले, साखर खाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले. अमृतरावांनी चावी फिरवली.

"नमस्कार. कुठे जायचे आहे?"

पुन्हा उतरले. पुन्हा साखर. अमृतरावांनी पंकजला फोन लावला.

"हे बाई टोकून राह्यली. तिले गप कर."

"सेटिंगमध्ये जा, भाऊजी."

"कुठं हाय ते सेटिंग?" आणि आपणही "कुठं" म्हटलं हे लक्षात येऊन अमृतरावांनी फोन खिशात टाकला. काचेवर दिसेल ते दाबून पाहिलं. गाण्याचा आवाज कमी झाला, एसी वाढला, बाईचा आवाज जिथल्या तिथं.

शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. सगळ्यांना घरातच थांबवलं, एकट्यानं गाडी चालू केली आणि बाईला जे काय विचारायचं ते एकट्यालाच विचारू दिलं. मग चालू गाडीत मंडळी बसवली. भूषणनं पुढं बसून दबक्या आवाजात मुलीच्या गावाचं नाव सांगितलं, बाई "ठीक आहे" म्हणाली, आणि गाडी एकदाची हलली.

आदिलाबाद गेलं, घाट गेला, निर्मल गेलं. अमृतरावांना ठाऊक असलेलं प्रत्येक वळण बाई त्यांना आगाऊ सांगत होती. "पुढे डावीकडे वळा." "वळूनच राह्यलो ना, बाई," अमृतराव पुटपुटत. जन्मभर ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्याबद्दल नव्या सुनेनं शिकवावं, तशी त्यांची अवस्था झाली होती. भैंसा मागं पडलं आणि मुधोळच्या अलीकडे त्यांनी नेहमीच्या फाट्यावरून गाडी आत घातली, तेव्हा तर बाईनं कहर केला.

"मागे वळा."

"हे काय म्हणून राह्यली?" सोजरबाई.

"मागं वळा म्हणते."

"काऊन?"

"तिलेच ठाव."

"सोयरिकीले निघालेल्या माणसानं मागं वळू नाई, हे तिच्या मायनं शिकवलं नाई का? सांग तिले."

"तिले सांगता येत नाई, मावशी. तिचं निस्तं ऐकाव लागते."

"मंग माह्या सुनेसारखीच हाय," सोजरबाई म्हणाल्या. बाबाराव खिडकीबाहेर कापूस पाहू लागले.

"मागे वळा," बाई म्हणाली.

"तूच वळ," सोजरबाई म्हणाल्या.

हा संवाद बराच वेळ चालला. दोघींपैकी एकही दमली नाही. काचेवर एक लाल रेघ दिसत होती, ती अमृतरावांना शोभेची वाटली. आणि मग एका वळणापुढं बाभळीच्या काट्यांची फांदी आडवी टाकलेली दिसली, तिला लाल चिंधी, आणि पलीकडे ओढ्यावरची पुलिया, छोटा पूल, खचून खाली बसलेली.

अमृतरावांनी ब्रेक मारला. बाई बोलली.

"मागे वळा."

आयुष्यात पहिल्यांदा एका मशीनचं खरं निघालं, तेही सोयरिकीच्या दिवशी. अमृतरावांना बाईचा राग आला, पंकजचा आला, आणि बाई खरं बोलत होती म्हणून सगळ्यांत जास्त आला. जुन्या डबड्यानंही इथंच आणलं असतं, पण गपगुमान आणलं असतं.

"शेतात घालून वळवतो," ते म्हणाले.

"गाडीचं तोंड फिरवाचं नाई," सोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "फिरलं का मोडलंच समज. मंग मले गावात बोलू नको."

म्हातारी खरं तेच बोलत होती. मुलगी पाहायला निघालेली अमृतरावाची गाडी वाटेतून परत फिरली, हे बेल्यात पोचायला संध्याकाळही लागली नसती.

"मंग जाव कसं?"

"आलो तसं. तोंड तिकडंच ठेव, अन् मागं मागं घे. फाट्यापासून दुसरा रस्ता धर."

"मावशी, रस्ता पाहा केवढा हाय. दोनी बाजूले काळी माती. मान मागं फिरवली का अवघडते. मागच्या काचेत तुमची टोपली हाय."

"टोपली हलवाची नाई. फळं हायेत पूजेतले."

अमृतरावांनी कपाळाला हात लावला आणि नाइलाजानं रिव्हर्स टाकला. त्याबरोबर काचेवर मागचा सगळा रस्ता उभा राहिला. दोन्ही कडा, खड्डे, शेणाचा पो, आणि वर पिवळ्या रेघा, गाडी कुठून कशी जाईल त्या दाखवणाऱ्या. पंकजचं न ऐकलेलं भाषण ते हेच असावं.

गाडी उलटी चालू लागली. आत सगळे मुलीच्या गावाकडे तोंड करून बसलेले, आणि गाव लांब लांब जातंय. मशीन टूं टूं करत होतं, बाई अधूनमधून "मागे वळा" म्हणत होती, आणि "वळूनच राह्यलो ना" हे म्हणायचीही आता अमृतरावांना सोय नव्हती. बांधावरचे गुराखी उठून उभे राहिले. मागून एक कापसानं भरलेला टेम्पो आला. त्याला वळायला जागा नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून तेलुगूत म्हणाला, "एमैंदी अन्ना?" काय झालं म्हणून.

"पेळ्ळिचूपुलु," अमृतराव काचेवरची नजर न काढता म्हणाले. मुलगी पाहायला चाललोय.

त्यानं मागच्या काचेतली फळांची टोपली पाहिली, सोजरबाईंचा चेहरा पाहिला, आणि एक अक्षर न विचारता स्वतःचा टेम्पोही रिव्हर्समध्ये घेतला. त्याच्याही घरी म्हातारी असणार. पुढं उलटा टेम्पो, मागं उलटी गाडी, अशी ती मिरवणूक फाट्यापर्यंत आली. फाट्यावरचा चहावाला किटली हातात धरून बघतच राहिला. अमृतरावांनी फाटा जरा ओलांडला, पहिला गिअर टाकला आणि समोरच्या दुसऱ्या रस्त्याला लागले. गाडीचं तोंड एकदाही मागं फिरलं नाही. बाई प्रसन्न होऊन म्हणाली, "आता सरळ जा."

मुलीच्या घरी बातमी आधीच पोचली होती. चहावाल्यानं फोन केला असेल. अमृतराव अंगणात गाडीपाशी मान चोळत उभे होते आणि कान बैठकीकडे होते. पोहे आले. नेहमीचे प्रश्न आले. भूषण "हो" म्हणाला, पुन्हा "हो" म्हणाला, आणि अमृतरावांनी मनातल्या मनात गाडी विकायला काढली.

तेवढ्यात चंचलचा आवाज आला. मुधोळच्या एका शाळेत शिकवायची ती. "तुमीच का ते उलटे आलेले?"

"हो," भूषण म्हणाला. आणि मग, काय झालं कोण जाणे, त्यानं ताटली खाली ठेवली. "उलटे म्हणजे, आमी सुलटेच होतो. गाडी उलटी होती." मग त्यानं सकाळपासूनचं सगळं सांगितलं. साखर, सेटिंग, टेम्पो. बाईचा गोड आवाज काढला, आजीचा खणखणीत काढला. चंचल आधी ओढणी तोंडाला लावून हसली, मग ओढणी सोडून हसली. अमृतरावांनी एवढ्या वर्षांत बैठकीतून असं हसू ऐकलं नव्हतं.

निघताना चंचलचे वडील "कळवतो" म्हणाले नाहीत. सोयरिकीत "कळवतो"चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. ते म्हणाले, "तुमच्याकडं कधी येऊ?"

जुळलं. पायगुण वाचला. अमृतरावांनी त्या रात्री पोटभर जेवून पंकजला माफ करायचं ठरवलं होतं. पण बाबारावांनी स्टँडवर बसून हकीगत सांगितली, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून आपापलं शहाणपण काढून घेतलं. चार दिवसांत पुढची मंडळी आली.

"आमालेबी थोडं उलटं घ्या."

"काऊन? तुमच्या रस्त्यात पुलिया हाय का खचलेली?"

"नसली तर काय झालं. भूषणसारख्याचं जुळलं ना."

"अरे, याले काई शास्त्र हाय का?"

"नाई घेतलं अन् नाई जुळलं तर बोल कोणाले लागन?"

अमृतरावांनी रिव्हर्स टाकला. आता प्रत्येक सोयरिकीची गाडी वेशीपासून मारोतीच्या पारापर्यंत उलटी जाते आणि मग सुलटी होऊन निघते. पोरं मागं धावतात, कुत्री गोंधळतात. स्टँडवरच्या बाकीच्यांनी पंकजकडून तोच कॅमेरा बसवून घेतलाय, तरी लोक म्हणतात, पहिल्या उलट्या गाडीची सर त्यांना नाही. अमृतरावांची कमाई वाढली आणि मानेला पट्टा आला. कॅमेरा असला तरी सवयीनं मान फिरतेच.

परवा शाळेतले धम्मपाल सर स्टँडवर आले. त्यांच्या गाडीत अमृतरावांच्या जुन्या डबड्यासारखंच एक आहे.

"अमृतराव, मी पण नवीन मॉडेल घेऊ म्हणतो. तुम्ही वापरून राह्यले, खरं सांगा. पैसे टाकण्यासारखं आहे का?"

अमृतरावांनी पट्टा सैल केला. रस्ते सांगतं म्हणावं, तर रस्ते सरांनाही पाठ होते. बोलतं म्हणावं, तर त्याचीच चीड. वाईट म्हणावं, तर साळ्याचं दुकान.

"सर, घरात लग्नाचं कोणी हाय का?"

"नाही. दोघांचीही झाली."

"मंग जुनंच राहू द्या," अमृतराव म्हणाले.