बारकूबाईचा कान

भूतखेत, करणी, चकवा — यातलं काहीही मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. मी गॅरेजवाला माणूस. गाडीतून आवाज आला म्हणजे काहीतरी घासतंय, हलतंय नाहीतर गळतंय... चौथं कारण मला आयुष्यभरात सापडलेलं नाही. फक्त एकदा गणित चुकलं, तेच इथे सांगतो. पटणारं उत्तर कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

साल चौऱ्याण्णव, होळी नुकतीच होऊन गेलेली. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, अंबरनाथकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज. पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, मागे आमच्या दोन खोल्या आणि मध्ये लहानसं अंगण. लोक मला 'कानवाला' म्हणायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगून मोकळं व्हायचं! अंबरनाथच्या कारखान्यांतले साहेब लोकसुद्धा गाड्या माझ्याकडे आणायचे. थोडी गुर्मी चढली होती, नाकारत नाही.

कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना असलेले लच्छू शेठ माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या भावाने सिंगापूरहून एक जपानी गाडी पाठवली होती — दहा वर्षं जुनी, डिझेल आणि टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चिमुकलं चाक गरगर फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. आता टर्बो गल्लोगल्ली झालेत. मी मात्र तेव्हा पहिल्यांदाच बघत होतो.

गाडीने जोर धरला की एक बारीक शिट्टी यायची... शेजारच्या बिल्डिंगमधला कुकर वाजावा तशी. शेठना रविवारी घरच्यांना घेऊन नाशिकला जायचं होतं. म्हातारी आई, बायको, दोन मुली, आणि वाटेत कसारा घाट.

"उस्ताद, घाट में कुछ होना नहीं चाहिए. माँ साथ में है."

"शेठ, बेफिकर रहो," मी छातीठोकपणे सांगितलं.

तीन दिवस झटलो. बेल्ट बदलला, सायलेन्सरच्या जोडाचं पॅकिंग बदललं. शिट्टी कमी झाली, पण गेली नाही. टर्बोवर संशय येत होता हो... पण उघडला आणि परत बसवता आला नाही तर? पार्ट कुठून आणायचा? मग मीच मनाची समजूत घातली की जोडाचाच आवाज आहे, बसेल हळूहळू. जे उघडायची भीती वाटते तिथे दोष नसतोच, असं मेकॅनिक स्वतःला फार सहज पटवतो.

शुक्रवारी दुपारी बारकूबाई आली. "टाकीऽऽ, पाट्याला टाकी, वरवंट्याला टाकी!" बदलापूरच्या पुढच्या एका वाडीतून ती वर्षातून एकदा यायची आणि गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीने टाके घालून द्यायची. साठीची बाई, अंगाने काडी. पण तिचं काम बघत राहावं असं! प्रत्येक घावाला मान जराशी कलती करून ती दगडाचा आवाज ऐकायची, आणि मग पुढचा घाव घालायचा की नाही ते ठरवायची.

शेठची गाडी आदल्या संध्याकाळपासून गप्प उभी होती. बॅटरी काढून मी आतल्या फळीवर चार्जिंगला लावली होती. बारकूबाईचा हात मध्येच थांबला आणि तिने गाडीकडे मान वळवली.

"भाऊ, त्या गाडीत जे फिरतंय ना, त्याचा मधला खिला झिजलाय."

"काय?"

"एका खिल्यावर दोन चाकं हायेत ना त्यात? जात्याचा झिजतो तसा झिजलाय. आता हात सोडला तरी थांबायचं नाय ते."

मी हसलो. "बाई, तू पाटा बघ. गाडीचं मी बघतो."

बायको आतून बाहेर आली. "अहो, हसताय काय? मागल्या वर्षी पाट्यात चीर आहे म्हणाली तेव्हाही असेच हसला होतात. पंधरा दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले ना?"

झाले होते खरे. पण ते दगडाचं झालं! तरी त्या दिवशी जेवण काही गोड लागेना. एका दांड्यावर दोन चाकं आहेत हे हिला कोणी सांगितलं? मी तर घरात टर्बोचं नावही काढलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शेठ गाडी न्यायला आले. बॅटरी बसवली, ते स्टिअरिंगवर बसले. "ठीक आहे" असं तोंडावर आलं होतं, पण निघालं नाही. म्हटलं, "शेठ, ले जाने से पहले एक बार फुल रेस दो. यहीं, न्यूट्रल में."

शेठनी पाय दाबला. शिट्टीची किंकाळी झाली. त्यांनी पाय काढला... आणि इंजिन खाली यायच्या ऐवजी वर चढत गेलं! पांढऱ्या-निळ्या धुरात समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

"उस्ताद! चाबी निकाल ली! ये देखो, हाथ में है! बंद नहीं हो रही!"

झिजलेल्या दांड्याच्या कडेने ऑइल इंजिनात शिरतं आणि डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, फुटेपर्यंत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच सुचलं की याला हवा तर लागत असेल! हवेचा पाइप उपसला, अंगणातला लाकडी पाट उचलला आणि त्या तोंडावर अंगाच्या जोराने दाबून धरला. इंजिन घुसमटलं, सगळी गाडी थरथरली आणि थांबली.

शेठ फुटपाथवरच बसले. "घाट में... माँ..." एवढंच बोलले.

टर्बो खोलला. दांडा लहान मुलाच्या पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. बाई म्हणाली होती तस्संच, अक्षरशः. मी शेठना खरं ते सांगून टाकलं की हा दोष माझ्या कानाने पकडला नाही, पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईने पकडला. घरचे भाड्याच्या गाडीने नाशिकला जाऊन सुखरूप परत आले आणि शेठच्या आईने बारकूबाईसाठी साडी पाठवली. ती आम्ही वर्षभर कपाटात जपून ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, जन्म जात्या-पाट्यात गेलेल्या बाईचा कान तयार असणारच. मान्य! हजार वेळा मान्य. तिच्या कानापुढे मी हात जोडतो. पण कान कितीही तयार असला तरी ऐकायला आवाज नको का? त्या दिवशी ती आल्यापासून जाईपर्यंत गाडी सुरूच झाली नव्हती.

पुढच्या होळीनंतर ती आली. साडी दिली, चहा झाला, आणि मी विचारलं, "बारकूबाई, तेव्हा गाडी तर बंद होती. तुम्हाला खिळ्याचं कळलं कसं?"

"बंद?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बंद कुठं होती? मी येऊन बसले तवापासून फिरतच होती की."

"अहो, तिची बॅटरी माझ्या फळीवर होती!"

"ते मला काय ठावं? पण तुला ऐकायला नाय आलं?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "मला वाटलं, तुला येतच आसल. म्हणून मी नुसतं खिल्याचं सांगितलं."

एवढं बोलून तिने छिन्नी उचलली आणि कामाला लागली.

ओळखीच्या दोन इंजिनिअरांना विचारून झालंय. एक म्हणाला अंदाज लागला असेल, दुसऱ्याने विषयच बदलला. दुपारी गॅरेजमध्ये कुणी नसलं की मी अजून एखाद्या बंद गाडीच्या बॉनेटवर कान टेकवून बघतो. थंड पत्रा लागतो, बाकी काही नाही... आणि त्या बाईचा फार हेवा वाटतो.