ताणावरच्या बागेत

मागच्या उन्हाळ्यात माझी कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा इटलीतली खेडी फिरून आले. दोघं पुण्याचे. आठवडाभर रोज फोटो यायचे. द्राक्षांचे मळे, दगडी घरं, झाडाखाली मांडलेलं टेबल आणि त्यावर पाव. मी प्रत्येक फोटोला ‘वा’ म्हटलं आणि मनातून जळले. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, तिथं आमची संत्र्याची बाग आहे आणि भाऊ ती सांभाळतो. मग आमचं काय कमी होतं? या मे महिन्यात मी दोघांना हट्टानं अमरावतीला, माझ्या सासरी, बोलावून घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या उनात पावने काहून बोलावून राहिली? दिवाळीत बोलाव.” मी ऐकलं नाही. स्वतःच्या गावाबद्दल कुणी दोन चांगले शब्द बोलावेत याची मला फार हाव आहे, आणि तिच्या पायी मी अनेकदा मूर्खपणा केलेला आहे.

बाग बघायला सकाळी सहाला अमरावतीहून निघायचं ठरलं होतं. निघालो साडेनवाला, कारण पाहुण्यांना पोटभर खाऊ घातल्याशिवाय सोडायचं कसं? निघताना मी प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा ठेवला. ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात. त्यानं काय होतं हे कुणी सांगत नाही, पण ठेवतात. मैत्रीण खूप हसली. मीही हसले आणि त्या कांद्याच्या भरवशावर पाण्याची एकच बाटली घेतली. “आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं,” मी ऐटीत सांगितलं. “ते चाखल्यावर बाटलीतलं घशाखाली उतरणार नाही.”

भावाचं सगळं घर अकोटला लग्नाला गेलेलं होतं. म्हणून घरी न जाता थेट बागेकडे गेलो. गाडी डांबरी रस्त्यावर लिंबाखाली उभी केली आणि अर्धा किलोमीटर आत चालत निघालो. तेव्हा साडेबारा वाजले होते.

बाग ताणावर होती. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडावं लागतं. पानं वळतात, पिवळी पडतात, नवख्याला वाटतं झाडं मेली. मग पाऊस आला की त्याच झाडांवर फुलं येतात. हे सगळं मी ओळीओळीतून चालत, हातवारे करत सांगत होते. सावली नावालाच होती. मैत्रिणीचा नवरा फोटो काढत होता. ती आधी प्रश्न विचारत होती, मग नुसती मान हलवत होती. मी म्हटलं, “चल, आता शेवटाची जुनी झाडं दाखवते, आजोबांच्या हातची.” ती चालली.

जुन्या झाडांपाशी पोचल्यावर तिनं मला विचारलं, “आपली बस किती वाजता आहे?”

मला वाटलं थट्टा करतेय. मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद होता आणि कोरडा ठक्क. घामाचा एक थेंब नव्हता. हात धरला तर तव्यासारखा तापलेला. “बस सुटेल ना,” ती पुन्हा म्हणाली आणि खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच.

बाटली केव्हाच संपली होती. तिच्या नवऱ्याला तिच्यापाशी बसवून मी विहिरीकडे पळाले. मोटरच्या पेटीचं झाकण उघडलं. फ्यूज नव्हते. तिन्ही जागा रिकाम्या. आदल्या वर्षी मीच हातपाय धुवायला मोटर लावली होती, पाइपचा कॉक उघडा राहिला आणि दोन ओळींचा ताण मोडला. तेव्हापासून भाऊ ताणाच्या दिवसांत फ्यूज काढून घरी नेऊन ठेवतो, हे मी पार विसरले होते. घराला कुलूप, भाऊ अकोटला. मी फोन लावला. वाजत राहिला. लग्नाच्या बँडपुढे कुणाला ऐकू येणार?

विहिरीत वाकून पाहिलं. खूप खाली पाणी दिसत होतं, स्वच्छ आणि हिरवट. दोर नव्हता, बादली नव्हती. मला इतकी भीती कधीच वाटलेली नाही, बाळंतपणातही नाही. तिची मुलगी पुण्यात आजीकडे होती. तिला मी काय सांगणार होते? तुझ्या आईला मी बाग दाखवत होते म्हणून?

धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या शेजारच्या बागेला आंबिया बहार होता. म्हणजे झाडांवर फळं, आणि म्हणून पाणी चालू. तिथली काकू नवऱ्याबरोबर झाडाखाली बसून डबा खात होती. मी काटेरी कुंपणातून तशीच घुसले.

“काहून पळून राहिली वो?” तिनं विचारलं. मी सांगितलं. ती डबा तसाच टाकून उठली. “उचलून आना तिले. चालवू नोका.”

काकूच्या नवऱ्यानं आणि मैत्रिणीच्या नवऱ्यानं मिळून मैत्रिणीला उचलून आणलं. काकूनं पाइप उपसला आणि धार डोक्यावर, मानेवर, काखेत सोडली. स्वतःचा पदर भिजवून तिच्या अंगावर टाकला. मी ओंजळीत पाणी घेऊन तिच्या तोंडाशी नेलं, तर काकूनं माझा हात झटकला. “तोंडात नोको टाकू. सुदीत नाई ते, ठसका लागन.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “भर उनात पावन्यायले कोन फिरवते, माय?”

काकूच्या नवऱ्याच्या मालवाहू गाडीत, ओल्या पोत्यांवर निजवून आम्ही तिला तालुक्याला नेलं. वाटभर मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते, श्वास चालू आहे ना हे पाहत. दोनदा मला वाटलं की थांबला. दोन्ही वेळा गाडीचा हादरा होता.

डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. सलाइन लावलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिनं मला नावानं हाक मारली आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तिचा नवरा औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी तिची माफी मागितली. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “मला तर पहिल्या ओळीपासूनच गरगरत होतं गं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतक्या हौसेनं दाखवत होतीस. परत जाऊ म्हटलं तर तुला काय वाटलं असतं?”

मी तिचं पांघरूण सारखं केलं. माझंही डोकं त्याच पहिल्या ओळीपासून ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि दोनदा झाडाला धरून उभं राहावं लागलं होतं. तरी मी आजोबांच्या झाडांपर्यंत गेले, कारण वऱ्हाडची बाई उन्हाला भ्याली असं पुण्याला जाऊन ती सांगेल, अशी मला भीती होती. हे मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं नाही. नंतर फोनवरही नाही. आता हे वाचेल तेव्हा तिला कळेल.