मामांचा 'ओ'

"आपला ओ हाय की!" असं म्हणताना मामा छातीवर थाप मारायचे आणि त्या थापेनंच त्यांना खोकला यायचा. खोकला ओसरला की त्याच हातानं विडी पेटवायचे.

मी सोलापुरात एका रक्तपेढीत काम करते. मामांची रिक्षा आमच्या फाटकासमोरच्या स्टँडवर असायची. त्या बाजूला तुम्ही कधी आला असाल, तर पाठीवर कलिंगडाएवढा लाल 'ओ' रंगवलेली रिक्षा तुम्हीही पाहिली असेल. पुष्कळांना तो मंत्र वाटायचा. तो मामांचा रक्तगट होता.

ओ गटाच्या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवलं होतं. 'कमी होतो'चं मामांनी 'होतच नाही' करून टाकलं. मग स्टँडवरच्या प्रत्येकाला ते गट विचारायचे. "तू बी गटाचा हायस? मग तू नको वढू बाबा, मरशील. आण हिकडं." दुसऱ्याच्या हातातली विडी स्वतः ओढायचे आणि वर त्याचा जीव वाचवल्याचं समाधान!

मी सांगायची, "मामा, असा काही संबंध आहे का, हे लोक अजून शोधतायत. कुणी आहे म्हणतं, कुणी नाही. विडीबद्दल मात्र कुणाचंच दुमत नाही. एक्स-रे काढा."

"ओवाल्याला एक्स-रे कशाला, ताई?"

एकदा मामी मुद्दाम मला गाठायला आल्या. "लई खोकत्यात. माझं ऐकत न्हाईत. तुमी कायतर करा की."

मी काय करणार? केलं ते मामांनीच. मोहोळहून आलेल्या एका बाईला रक्त लागत होतं. मामा बाही वर करूनच आत आले. खोकल्यामुळे तुमचं रक्त घेणार नाही म्हटलं, तर वाद घालायला लागले. "ओ हाय, ओ! कुनालाबी चालतंय." त्यांना गप्प करायला मी बोट टोचलं. काचपट्टीवर गट ओळखायच्या निळ्या औषधाच्या थेंबात रक्ताचे दाणे झाले, पिवळ्यात झाले नाहीत. गट ए निघाला.

"हे बोट खराब आसंल," मामा म्हणाले. "दुसरं टोचा."

दुसऱ्या बोटातही तेच रक्त होतं.

"मग मला ओ केला कुनी?" मामा छताकडे बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. "आवं ताई, स्टँडवर ओळखपत्रं करायला एकजण आलता. त्यानं इचारलं आसंल, 'मामा, रक्तगट?' हितं ह्या रिक्षांचा कालवा. मला नुसतं 'मामा' ऐकू आलं. हाक मारली म्हनून मी म्हनलो, 'ओ!'"

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांचा हात नेहमीसारखा छातीकडे गेला आणि तिथंच राहिला. थाप काही पडली नाही.

"मग आता मला हुनार व्हय, ताई?"

"ए आहे म्हणून होत नाही आणि ओ असता तरी विडीनं सोडलं नसतं. रिक्षा काढा."

त्यांच्याच रिक्षातून त्यांना एक्स-रेला नेलं. एरवी वाटेतल्या प्रत्येक म्हशीशी बोलणारा माणूस त्या दिवशी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. वाईट काही निघालं नाही. मात्र डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितली. मामांनी ती सोडली. एका झटक्यात नाही, मधूनमधून स्टँडवरच्या पिंपळामागून धूर यायचा आणि मामा म्हणायचे, "झाडाला खोकला झालाय." पण सोडली.

रिक्षावरचा 'ओ' पुसायला मात्र त्यांचा जीव होईना. पेंटरकडून त्याच्यापुढं लिहून घेतलं: 'म्हणा, थांबतो.'

पुढं गुडघे कुरकुरायला लागले. रिक्षा विकून मामा-मामी बार्शीला लेकीकडे गेले. स्टँडवर त्यांच्या जागी आता दुसरी रिक्षा असते, तिच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही.

मी अधूनमधून फोन करते. काम काही नसतं. नुसतं "मामा" म्हणते.

"ओऽऽऽ!"

तो मी शेवटपर्यंत ऐकते. शेवटी खोकला येत नाही. मग कामाला लागते.