कागदावरचं वय

वाढदिवसाला मी केक नेला नाही. चूक माझीच. जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या आमच्या ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. एक जूनला सात माणसं रिकाम्या बशा घेऊन किचनमध्ये उभी, आणि मी आपला कॉफी ओततोय. तारीख कागदावरची. लक्षात कशी राहणार?

टीमलीड पुण्याचा. त्याने जर्मनमध्ये खुलासा केला, "यांच्या लोकांना आपण कधी जन्मलो तेच ठाऊक नसतं. मास्तर लिहील तो वाढदिवस."

सगळे हसले. मीही.

त्या सातांतल्या युर्गनच्या मुलाला नुकतीच लष्कराची प्रश्नावली आलेली. अठरा पूर्ण, भरावीच लागणार. त्याने साधेपणाने विचारलं, तारीख चुकली तर बिघडतं काय?

आणि मी सुरू झालो. तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये.

आमचं नाव घालायला आई शाळेच्या दाराबाहेर उभी होती. सांगत होती, हा पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, थोरल्याहून दोन वर्षांनी लहान. गुरुजींनी मान वर केली नाही. "तुमच्यात तिथ्या कोण बघतंय?" दोघांना एकाच वर्गात बसवलं, एकच तारीख लिहिली. कागदावर आम्ही जुळे.

पुढे सैन्यभरतीत धावलो. छाती मापात बसली. आमच्या घरात तोवर कुणाच्या अंगावर सरकारी कपडा चढला नव्हता. हवालदाराने दाखला बघितला. एकवीस वर्षांची मर्यादा अकरा दिवसांपूर्वी उलटलेली. खरं तर मला एकोणीसही पुरं नव्हतं. मी काय करावं? न्हाव्याकडे जाऊन मिशी काढली आणि परत रांगेत उभा राहिलो. जणू मिशीनेच वय वाढवलं होतं. त्याच हवालदाराने परत हाकललं.

टीमलीड मराठीत म्हणाला, "बरंच झालं की. नाहीतर इथे आला असतास का?"

आता मी हसलो नाही. जर्मनमध्येच बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. "माझ्या आईला तारीख ठाऊक होती. लिहिणाऱ्याने ऐकली नाही."

बशा सिंकमध्ये गेल्या. दुपारभर कोडची एक ओळ लिहिता आली नाही.

घरी आल्यावर बायकोला फेऱ्या मारत सगळं सांगितलं. म्हटलं, यापुढे माझ्या आईवर कुणी हसलं तर मी त्या हसण्यात नाही. साहेब असो, कुणी असो. तोंडावर सांगणार.

ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, पण तुमच्या टीमलीडना हा किस्सा सांगितला कुणी? तुम्हीच. याच टेबलावर, हसत हसत, पुरणपोळी वाढता वाढता."