चेहरा कोरा ठेवायची तालीम

घरांचे सौदे जमवून देणारे त्या भागात पुष्कळ होते, पण ‘फ्रीज’ एकच होता. हे नाव त्याला त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की फ्रीज. त्याला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

माणूस जन्मतःच काही थंड नव्हता. धंद्याच्या पहिल्या वर्षी त्याच्या हातात तीन भावंडांचं एक घर आलं होतं. सौदा ठरला, कागद झाले, सह्यांसाठी पेन पुढे केलं, तेवढ्यात धाकटी बहीण म्हणाली, मोरीबाहेरचं बेसिन बाबांनी स्वतः बसवलंय, ते मी घेऊन जाणार. थोरला म्हणाला, मी नेणार. बेसिन तरी कसलं, कोपरा उडालेलं, पिवळं पडलेलं. पण त्यावरून अशी जुंपली की गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठून गेलं. घर अकरा वर्षं कुलपात राहिलं आणि भावंडांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं. फ्रीजनं त्या दिवशी कानाला खडा लावला.

तेव्हापासून त्याचे नियम ठरले. घर बघायला लोक येतील तेव्हा मालकानं घरात थांबायचं नाही. सह्या होईपर्यंत घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एकमेकांशी बोलायचं नाही. आणि घर का विकताय हे त्याला सांगायचं नाही. “कारण कळलं की माझ्या तोंडून निसटतं,” तो म्हणायचा, “आणि निसटलं की समोरचा किंमत पाडतो. कारण तुमच्यापाशी ठेवा, मला फक्त आकडा द्या.”

याशिवाय तालीम होती. ही त्याची स्वतःची अक्कल. विकणाऱ्याला तो आपल्या ऑफिसात समोर बसवायचा आणि स्वतः गिऱ्हाईक होऊन त्याच्या घराला नावं ठेवायचा. भिंतींना ओल आहे, हवा येत नाही, असल्या खुराड्याला एवढे पैसे कोण देणार? पहिल्या दिवशी लोक लालबुंद व्हायचे. एका रिटायर्ड मुख्याध्यापकांनी तर पेपरवेट उचलला होता. पण दोन-तीन बैठकांत चेहरा कोरा राहायला लागायचा. मग फ्रीज म्हणायचा, “आता तुम्ही विकायला तयार झालात.” घेणाऱ्यांचीही तो अशीच तालीम घ्यायचा, फक्त उलटी. घर कितीही आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही.

याचा गुण यायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकांना चार पैसे जास्त मिळायचे, भांडणं टळायची. घरी बायको म्हणायची, “तुमच्याशी भांडायलासुद्धा मजा येत नाही.” त्यावर तो हसायचासुद्धा नाही.

अशा या माणसाकडे एक दिवस काकू आल्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेले, त्यामुळे आवाज एकदम सरळ. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तो विकून शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत जायचं होतं.

“त्याचं काय झालंय भाऊ,” त्या खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या, “आमच्या यांचं हल्ली जरा...”

फ्रीजनं हात वर केला. “काकू, कारण नको. आकडा सांगा.”

काकूंनी तोंड मिटलं. शिस्तीच्या बाई होत्या, नियम म्हणजे नियम. त्यांनी आकडा सांगितला.

त्यांना तालमी चार लागल्या. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहत नाहीत,” तर काकूंचे डोळे भरून आले. “चाळीस वर्षं राहिलो की दोघं,” त्या म्हणाल्या. “हेच बोलायचं नाही,” तो म्हणाला. चौथ्या दिवशी त्यानं तेच वाक्य टाकलं. काकूंची पापणीसुद्धा हलली नाही. “किंमत सांगा,” त्या म्हणाल्या. फ्रीज मनापासून खूश झाला. इतकी चांगली विद्यार्थिनी त्याला पूर्वी मिळाली नव्हती.

फ्लॅट एका दातांच्या डॉक्टरनं घेतला. नवरा-बायको आणि चार महिन्यांचं बाळ. त्यांच्याही तालमी झाल्या होत्या. सौदा कसा, तेल लावल्यासारखा सरकला. सह्यांच्या दिवशी फ्रीजनं काकूंच्या यजमानांना पहिल्यांदा पाहिलं. वीज कंपनीत मीटरचे आकडे टिपण्यात त्यांचा जन्म गेला होता. सही कुठे करायची ते काकूंनी त्यांना तीनदा बोटानं दाखवलं. फ्रीजला वाटलं, चष्मा विसरले असतील.

दीड महिन्यानं डॉक्टरच्या बायकोचा फोन आला. “साहेब, एक आजोबा रोज येतात आणि बेल वाजवतात. म्हणतात, तुम्ही माझ्या घरात काय करताय?”

फ्रीज गेला. काका तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन तऱ्हेच्या चपला. दोन बस बदलून ते इथवर आले होते.

“काका, चला घरी,” तो म्हणाला.

“घरीच तर आलोय,” काका म्हणाले. “आत कुणीतरी शिरलंय. मीटर बघा हवं तर.” आणि त्यांनी त्या फ्लॅटच्या मीटरचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. सगळे आकडे बरोबर होते.

रिक्षात घालून तो त्यांना नव्या इमारतीत घेऊन आला. दार काकूंनी उघडलं. काका त्यांच्याकडे परक्यासारखे बघत राहिले आणि मग अदबीनं म्हणाले, “बाई, मला पत्ता जरा चुकला.” काकूंनी त्यांना आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

“तिकडे मला ओळखायचे,” त्या म्हणाल्या. “विसरायचे सगळं, पण त्या घरात मी कोण ते त्यांना कळायचं. इथे आणल्यापासून मी त्यांची कोणीच नाही. जिन्यावरून पडतील या भीतीनं मी घर विकलं, भाऊ. दुसरं काही कारण नव्हतं.”

फ्रीजला आपल्या ऑफिसातला ड्रॉवर आठवला. कारण ज्या आठवड्यात काकू त्याच्याकडे आल्या, त्याच आठवड्यात त्याच इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट त्याच्या ड्रॉवरमध्ये विकायला पडून होता. तसाच, तेवढाच, वर जिथे स्वयंपाकघर तिथेच खाली स्वयंपाकघर, वर जशी खिडकी तशीच खाली खिडकी. एकही पायरी चढावी लागली नसती. काकूंनी कारण सांगितलं असतं तर त्यानं दहा मिनिटांत ते जमवून दिलं असतं. आणि काकू सांगतच होत्या, हात त्यानं वर केला होता. ही गोष्ट त्यानं काकूंना कधी सांगितली नाही. ती सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि तळमजला तर केव्हाच विकला गेला होता.

काका येत राहिले. डॉक्टरची बायको सुरुवातीला चहा द्यायची, आत बसवायची. मग एका दुपारी काकांनी जुन्या किल्लीनं दार उघडलं आणि थेट आत आले. ती बाळाला पाजत होती. काकांनी तिला खेकसून घराबाहेर व्हायला सांगितलं. ती इतकी घाबरली की त्याच संध्याकाळी कुलूप बदललं आणि आठ दिवसांत डॉक्टरनं फ्रीजला बोलावून सांगितलं, “विकून टाका साहेब. रोजचा हा ताप नको.”

तेव्हा फ्रीजनं आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन काकूंना फोन केला. घर परत मिळतंय, म्हणाला. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे लावून घेऊ, रात्री दाराला आतून कुलूप घालू, काहीतरी करू. नवा फ्लॅट विकून जेवढे येतील तेवढे काकू द्यायला तयार झाल्या. पण घरांचे भाव मधल्या काळात चढले होते, आणि घरं विकत घेऊन भाड्यानं देणाऱ्या एका माणसानं तीन लाख जास्त देऊ केले होते. तीन लाख काकूंकडे नव्हते. आता पैशानं जमणार नव्हतं, डॉक्टरला दया आली तरच जमणार होतं.

म्हणून त्यानं आपला नियम मोडला आणि दोघांना समोरासमोर बसवलं. जाताना काकूंना म्हणाला, “सगळं सांगा त्यांना. काका तुम्हाला ओळखत नाहीत ते सांगा. रडू आलं तर रडा.”

दवाखाना दुपारचा बंद होता. औषधाचा उग्र वास, भिंतीवर दातांचं चित्र. काकू मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं सरळच विचारलं, “काकू, तुम्हाला घर परत का हवंय?”

काकूंनी तोंड उघडलं. ओठ थोडे हलले. मग चेहरा हळूहळू कोरा होत गेला, आणि त्या सरळ आवाजात म्हणाल्या, “किंमत सांगा.”

फ्रीजला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तो खुर्ची पुढे ओढून स्वतःच बोलायला लागला. काकांचा आजार, चाळीस वर्षं, काकूंना बाई म्हणणं, सगळं. आपली दलालीही सोडतो म्हणाला. पण इतक्या वर्षांत असलं काही बोलायची सवय राहिली नव्हती. भाडेकराराची कलमं वाचून दाखवावीत तसं ते त्याच्या तोंडून निघत होतं, आणि त्याला ते ऐकू येत होतं, आणि सुधारता येत नव्हतं.

डॉक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो हसला, अगदी आपुलकीनं.

“मानलं तुम्हाला साहेब,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं ना आम्हाला, समोरचा आजारपण काढेल, रडगाणं गाईल, विरघळायचं नाही? म्हटलं, ही पण तालीमच असणार.”

“ही तालीम नाही,” फ्रीज म्हणाला.

“हेही म्हणतील, असंही तुम्ही सांगितलं होतं.”

तसं त्यानं खरोखरच सांगितलं होतं. डॉक्टरनं वाईट वाटतंय म्हणून सांगितलं आणि बाळासाठी दुसरीकडे मोठं घर बघितलंय, तीन लाख सोडणं परवडत नाही, असंही सांगितलं. काकू उठल्या, नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

फुटपाथवर तो त्यांना म्हणाला, “काकू, बोलला का नाहीत हो?”

“बोलणार होते,” काकू म्हणाल्या. “आलंच नाही. घरीसुद्धा आता येत नाही. ते मला बाई म्हणतात, मी हो म्हणते आणि वाढते. आत काही हलतच नाही, भाऊ.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. बस आली आणि त्या गेल्या.

महिन्याभरात कागद झाले. नव्या मालकाला किल्ल्या द्यायला फ्रीज तिसऱ्या मजल्यावर गेला. खोल्या रिकाम्या होत्या. मालक टेप घेऊन मापं घेत होता, मध्ये भिंत घालून एकाच्या दोन खोल्या करता येतील का ते बघत होता. फ्रीजनं पाण्याचा कॉक दाखवला, गॅसची नळी दाखवली, मीटर दाखवला.

“अजून एक,” तो म्हणाला. “एक म्हातारे गृहस्थ येतील. बेल वाजवतील, हे घर माझं आहे म्हणतील. दार उघडू नका. काही बोलायला जाऊ नका. थोडा वेळ वाजवतात आणि मग पायरीवर बसतात. मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन.”

मालकानं टेप गुंडाळली. “कोण आहेत ते?”

फ्रीजला आठवत होतं, अगदी मीटरच्या नंबरापर्यंत सगळं आठवत होतं. पण हा माणूस घर भाड्यानं देणार होता, शेवटचा हप्ता अजून त्याच्याकडून यायचा होता, आणि कारण कळलं तर आत्ता इथे, रिकाम्या खोलीत, पैसे कमी करून मागेल, एवढंच त्याला सुचलं.

“कोणी नाहीत,” तो म्हणाला. “इथे सही करा.”