अक्काच्या हातची भिक्षा

गल्लीतल्या गणपतीपुढे मी वीस-बावीस वर्षं नाटकं बसवली, आणि जवळजवळ प्रत्येकात शेवटी हरवलेला माणूस घरी आणला. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, मला गुदगुल्या व्हायच्या. म्हणून भोकरकडच्या एका तलावातल्या बेटावर दाजींसारखा दिसणारा साधू आहे असं कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी खूश झालो. कबूल करतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकरा वर्षांपूर्वी रेणापूरच्या घरून बाजाराला म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. घरात अक्का आणि तिची सासू, दोघीच. अक्का कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, पण हळदीकुंकवाला दाराशीच बसते. तिला आत बोलवावं की नाही, हे बायकांचं ठरत नाही.

"दिसतेत म्हंजे? हेच हायेत का?" मी बातमी सांगितल्यावर तिनं विचारलं.

"तेच तर बघायला जायचं. तू फक्त ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी घे. बाकी माझ्यावर सोड."

माझा बेत झकास होता. रडायचं नाही, समजावायचं नाही. घरची चव जिभेवर ठेवायची. भाजल्या डाळींच्या पिठाची ती आमटी दाजी ओरपताना गावाला ऐकू जायचे. त्या माणसाला नुसत्या वासानं रेणापूरपर्यंत ओढून आणता आलं असतं.

नांदेड ओलांडून तलावावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. होडीवाल्या मामूंनी विचारलं, "मठात जायलाव, का हरणं बघायला?"

"दोन्ही, मामू."

"दुपारी जावा. तिथं चूल पेटत न्हाई. साधू लोक आल्या-गेल्यांम्होरं झोळी धरतेत, त्येच खातेत."

म्हणजे रंगमंच आयताच मांडलेला. मी मनातल्या मनात टाळी घेतली.

ते बेट म्हणजे पूर्वीची टेकडी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा हरणं वर पळाली आणि वरच राहिली. इतकी धीट झालेली की एका पाडसानं अक्काच्या पदराचा वास घेतला. मोर पिसारा आवरून वाटेतून बाजूला झाले. एका माकडानं माझ्या हातातला चिवड्याचा डबा काढून घेतला आणि झाडावर बसून त्यातले शेंगदाणे निवडून खाल्ले.

"तुझ्यापेक्षा त्येलाच अक्कल हाय," म्हणत अक्का हसली. खूप वर्षांनी.

मठाच्या ओट्यासमोर यात्रेकरू रांगेनं बसले होते. घंटा झाली आणि पाच-सहा साधू बाहेर आले. त्यातला चौथा साधू डावा खांदा पाडून चालत होता. दाढी बेंबीपर्यंत, अंगावर मांस नाही, पण तो खांदा दाजींचाच, पोती वाहून पडलेला.

"हेच हायेत," अक्का म्हणाली.

दाजी सगळी रांग सोडून सरळ तिच्यापुढे आले. तोंडाकडे पाहिलं नाही. झोळी पसरली.

"माई, भिक्षा."

अक्काचा हात भाकरीवर थांबला. आणि मी, दिग्दर्शक, मागून तिला कोपरानं ढोसलं. "वाढ ना, अक्का! थांबलीस काय? वाढ!"

जिच्या दारातून आजवर भिकारी रिकामा गेला नाही, तिनं दोन भाकरी झोळीत ठेवल्या. त्यांनी तिच्या पायांपुढची माती कपाळाला लावली. मठात जयजयकार झाला.

मी पुढे झालो. "दाजी!"

"सुखी राहा, बाबा," ते म्हणाले, परक्या माणसाला म्हणावं तसं, आणि आत गेले.

म्हातारे महंत माझ्याजवळ आले. चेहरा आनंदानं फुललेला. "फार मोठं काम केलंत. बायकोला आई म्हणून तिच्या हातची भिक्षा मिळाल्याशिवाय आम्ही पूर्ण दीक्षा देत नाही. अकरा वर्षं अडकला होता. घरी जाऊन मागायचा धीर होत नव्हता त्याला."

"आणि तिनं वाढलं नसतं तर?"

"तर आजच परत पाठवला असता. नियम आहे."

हे अक्काच्या समोरच झालं. तिनं आमटीचा डबा घट्ट झाकला आणि होडीकडे चालू लागली.

पाण्यावर मी म्हणालो, "मला ठाऊक न्हवतं गं."

"मला तरी कुठं हुतं?" मग डबा मांडीवर ओढून म्हणाली, "माझा हात थांबला हुता, बाबा."

आम्ही रेणापूरला पोचलो. तिन्हीसांजेला सासू उंबऱ्यातच बसलेली. गाडीचा आवाज ऐकून उठायची धडपड करत होती.

"दिसला का गं माझा लेक?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

"न्हाई, आत्याबाई. दुसरंच कुणी निघालं."

"दुसरं?" म्हातारीचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं, बाई. साधू झाला असता तर गेलाच म्हणायचा. आता येईल तरी, एक ना एक दिस."

"हाव," अक्का म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.