चुन्याचं बोट

काकाजी खोटं बोलत नसत, पण विचारलं त्यापुढे एक अक्षर सांगत नसत. दुपारी मी विचारी, "जेवलात का?" ते म्हणत, "नाई." मी ताट वाढलं की कळे, स्वारी शेजारी भजी खाऊन आलेली. मी रागावले की म्हणत, "तू जेवणाचं इचारलं, सूनबाई. भज्याचं कोठी इचारलं?" या उत्तरावर मी पुष्कळदा पोळी आपटली आहे.

ते माझ्या यजमानांचे चुलते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. अंजनगाव सुर्जीला आमचा पानमळा होता, तो त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. तोंडात पान आणि उजव्या हाताच्या बोटाला चुना, हे कायमचं. संध्याकाळी मात्र महादेवाच्या देवळामागे खंजिरी घेऊन बसायचे. तिथे गांजाची चिलीम फिरे. खाली ओल्या फडक्याची साफी गुंडाळून एकाने ओढायची, दुसऱ्याला द्यायची. ज्याला नको त्याने कपाळाला लावून पुढे करायची, पण आलेल्या माणसाला टाळून ती पुढे न्यायची नाही, असा तिथला रिवाज.

साठ सालाच्या आगेमागे त्यांना क्षय निघाला. सुया, गोळ्या आल्या होत्या, तरी लोकांची भीती गेली नव्हती. घरात कोणी काही बोलायच्या आत काकाजींनीच आपला पितळी पेला वेगळा काढला, त्यावर चुन्याचं बोट ओढलं आणि ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला. बाजही तिकडेच नेली. मला फार वाईट वाटलं. पण माझं पहिलं बाळ रांगत होतं, आणि पेला परत आत आणा असं मी म्हटलं नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बिडी बंद केली. काकाजींनी मोटारस्टँडवरच बंडल टाकून दिलं. त्यानंतर दर खेपेला डॉक्टर विचारत, "बिडी?" हे म्हणत, "सोडली जी." सुया चालू, दूध चालू, आणि खोकला जिथल्या तिथे. माणूस दिवसेंदिवस वाळत चाललेला. डॉक्टर चक्रावले. शेवटी एकदा यजमानांना वेळ नव्हता म्हणून मी सोबत गेले. "बिडी?" "सोडली जी." मला राहवलं नाही. "आणि चिलीम, काकाजी?"

काकाजींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "ते महादेवाचं आहे. यायनं बिडीचं इचारलं."

"गांजा नुसताच ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी, तंबाखू मळा लागते त्यात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "चिलीम एकच असते ना? तुमच्यानंतर कोण ओढतं?"

घरातला पेला ज्याने स्वतः वेगळा केला, त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. देवाच्या नावाने फिरणाऱ्या वस्तूला रोग लागतो, हा विचारच त्यांच्या डोक्यात नव्हता. परतीच्या मोटारीत परतवाडा मागे पडल्यावर ते म्हणाले, "बिडी सोडली त काई नाई वाटलं. चिलीम सोडाची म्हंजे माणसं सोडा लागतात, सूनबाई. गावात सारे मले पाहून बाजूनं जातात. तेथी कोणी मले टाळलं नाई."

पण त्यांनी जाणं सोडलं. संध्याकाळ झाली की ओसरीत येरझाऱ्या घालत, चहावरून माझ्यावर डाफरत आणि खंजिरीला हात लावत नसत. ओसरीवरचा तो उतरलेला चेहरा बघवत नसे.

आठवडाभराने देवळाचा गुरव संपत दाराशी आला. "काहून येऊन नाई रायले, काकाजी?"

"मले क्षय आहे, संपत."

"आमाले काय मालूम नोयतं? बिमार माणसाले काय उठवून देवाचं?"

काकाजींचे डोळे भरून आले. "तुमाले मालूम होतं, तरी माया हातची चिलीम घेतली? आता डॉक्टरनं सांगतलं, त्यानं तुमाले लागते. मी नाई येत."

संपत आल्या पावली परत गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या संध्याकाळी बैठकीतली झाडून सगळी माणसं आमच्या अंगणात आली. चिलीम आणली नव्हती. काकाजींच्या बाजेपासून अंतर ठेवून त्यांनी सतरंजी अंथरली आणि भजन धरलं. दोन भजनं होईतो काकाजी खाली मान घालून होते. तिसऱ्याला त्यांची खंजिरी वाजली. मी चहा केला आणि कप घेऊन बाहेर आले. संपत म्हणाला, "कप राहू द्या, वहिनी." प्रत्येकाने घरून आपापला पेला आणला होता, आणि प्रत्येक पेल्यावर चुन्याचं बोट ओढलेलं होतं.

काकाजी बरे झाले. पुढे बरीच वर्षं जगले. डॉक्टरांनी थुंकी साफ असल्याचं सांगितलं, त्या दिवशी मी कोनाड्यातला पेला घासून आतल्या मांडणीत ठेवला. संध्याकाळी रोजची मंडळी अंगणात जमायच्या आधी काकाजींनी तो शोधून काढला आणि पुन्हा चुन्याचं बोट ओढलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"साऱ्यायच्या पेल्यावर आहे," ते म्हणाले. "मीच काहून अलग राहू?"